रेडवूडच्या अरण्यातून पाच दिवस: वखारीत आयुष्य गेलेल्या वडिलांसोबतचा प्रवास

वाशिष्ठीकाठ | ७ जुलै, रात्री ९:४०

माझे वडील ३८ वर्षे चिपळूणला लाकडाच्या वखारीत कामाला होते. ओंडक्याला दोरी गुंडाळायची, घेराचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे आणि घनफूट सांगायचे, हे त्यांचे रोजचे काम होते. यंदा जूनमध्ये आई-बाबा आमच्याकडे फ्रिमाँटला आले, तेव्हा त्यांना कॅलिफोर्नियातले काय दाखवायचे हा प्रश्न मला फारसा पडला नाही. रेडवूड, म्हणजे जगातली सर्वांत उंच झाडे, आमच्या घरापासून दिवसभराच्या अंतरावर उभी आहेत आणि बाबांनी ती पाहिलीच पाहिजेत, असे माझ्या मनात कित्येक वर्षे होते.

आई, बाबा, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि मी असे पाच जण हायवे १०१ ने उत्तरेला क्रेसेंट सिटीपर्यंत जाऊन आलो. जाऊन-येऊन सुमारे आठशे मैल झाले. निघण्यापूर्वी मराठीत या भागाची माहिती शोधली तेव्हा फारसे काही हाती लागले नाही, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे. वयस्कर आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांना त्याचा विशेष उपयोग व्हावा.

पहाटे साडेपाचला निघालो. युकाया आणि विलिट्स मागे पडेपर्यंत दोन्ही बाजूंना वाळलेल्या पिवळ्या गवताचे डोंगर आणि विखुरलेली ओकची झाडे होती. लेगेटला समुद्राकडे जाणारा हायवे १ फुटतो. नकाशावर तो रस्ता मोहात पाडतो, पण लेगेटपासून समुद्रापर्यंतचा तुकडा इतका वळणांचा आहे की कुंभार्ली घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. आम्ही १०१ सोडला नाही. थोड्याच वेळात रिचर्डसन ग्रोव्ह आले. तेथे हायवे अरुंद होतो आणि खोडे थेट रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीला येऊन भिडतात. समोरून येणारा ट्रकही तेथे वेग कमी करतो. बाबांनी काच खाली केली, हात बाहेर काढू नका असे मी सांगितल्यावर तो मांडीवर ठेवला आणि पुढची काही मिनिटे ते एक शब्दही बोलले नाहीत.

गार्बरव्हिलला इंधन भरून आम्ही फिलिप्सव्हिलजवळ हायवे सोडला आणि 'ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स' या ३१ मैलांच्या रस्त्याला लागलो. हा म्हणजे जुना १०१. नवा हायवे रुंद आहे आणि बाजूने झरकन पुढे जातो. जुना रस्ता मात्र ईल नदीच्या दक्षिण फाट्याला धरून झाडांमधून वाट काढत जातो. न थांबता गेले तर तासाभरात संपतो, आम्हाला साडेपाच तास लागले. माझा पहिला आग्रहाचा सल्ला हाच आहे की येथे मैलांचा हिशेब धरून दिवस आखू नये. गाडीच्या काचेतून या झाडांचा फक्त खालचा पंधरा-वीस फुटांचा भाग दिसतो, आणि तेवढा पाहून परत जाणे म्हणजे देवळाच्या पायऱ्या पाहून परत जाणे.

फाउंडर्स ग्रोव्हमध्ये अर्ध्या मैलाची सपाट वाट आहे, त्यामुळे गुडघेदुखी असलेली आईसुद्धा काठी टेकत सहज चालली. वाटेवर झडलेल्या तपकिरी पानांचा जाड थर आहे, पावलांचा आवाज होत नाही. याच ठिकाणी 'डायरव्हिल जायंट' नावाचे झाड आडवे पडलेले आहे. ते ३६० फुटांहून उंच होते आणि मार्च १९९१ मध्ये उन्मळून पडले. त्याची मुळे वर आली, त्यांचा मातीसकट गड्डा घराच्या भिंतीसारखा उभा आहे. एवढ्या उंच झाडाला खोल सोटमूळ असेल असे आपण धरून चालतो, पण रेडवूडची मुळे फार तर बारा-तेरा फूट खोल जातात. ती आडवी शंभर फुटांपर्यंत पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात.

बाबा त्या खोडाच्या कडेने चालत राहिले. साल हाताने दाबून पाहिली. ती वीतभर जाड आणि नारळाच्या काथ्यासारखी तंतुमय आहे. मग त्यांनी खिशातली छोटी वही काढली. बुंध्याकडचा घेर धरला तर हिशेब फुगेल, म्हणून त्यांनी मधला घेर अंदाजे ३० फूट धरला. चौथा हिस्सा साडेसात, त्याचा वर्ग सव्वाछप्पन्न, लांबी ३०० फूट. उत्तर आले जवळपास सतरा हजार घनफूट. ते मला म्हणाले, "आमच्या वखारीत वर्षाला एवढा माल येत नव्हता." आणि लगेच विचारले, "चौतीस वर्षे हे इथेच पडून आहे? उचलत का नाहीत?"

मला नीट उत्तर देता आले नाही. त्या खोडावर नेचे उगवले होते, हेमलॉक या सूचिपर्णी झाडाची हातभर रोपे उभी होती, एका भेगेत पाणी साचून त्यात किडे पोहत होते. मुलगी म्हणाली, "आजोबा, ते कामात आहे." त्यापुढे बाबांनी तो विषय तेव्हा वाढवला नाही. जाणकारांनी कृपया त्यांच्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे, मी ते त्यांना वाचून दाखवीन.

त्या दिवशी संध्याकाळी बुल क्रीकच्या बाजूने रॉकफेलर फॉरेस्टमध्ये गेलो. सुमारे दहा हजार एकरांचे हे रान कधीही न तोडलेल्या रेडवूडचे जगातले सर्वांत मोठे सलग रान आहे. येथला रस्ता अरुंद आणि खडबडीत आहे, सावकाश जावे. मुक्काम फॉर्चुनाला केला.

दुसऱ्या दिवशी युरेकाहून पुढे ओरिक आणि तेथून चढावर 'लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्ह'. वर दाट धुके होते. वाहनतळावर काच पुसावी लागली नाही, पण झाडांखाली गेल्यावर टपटप सुरू झाली. पाऊस नव्हता. धुके पानांवर अडून त्याचे थेंब खाली पडत होते. आईने डोक्यावर पदर घेतला. जून-जुलैमध्ये येणाऱ्यांनी पातळ रेनकोट आणि स्वेटर जवळ ठेवावा, कारण दरीत ऊन असले तरी येथे गारठा असतो.

पुढे प्रेअरी क्रीकच्या कुरणात एल्क हरणांचा कळप दिसला. तेथल्या टेबलावर आम्ही डबा उघडला आणि एक गोष्ट घडली, जी मला सांगायलाच हवी. मुलीच्या हातून भडंगाची पिशवी सांडली. निळ्या अंगाचा आणि काळ्या तुऱ्याचा एक पक्षी लगेच खाली आला. त्याला शेंगदाणे टिपताना पाहून आम्हाला कौतुक वाटले, आणि बाबांनी आणखी चार दाणे टाकले. तेवढ्यात उद्यानाच्या गणवेशातल्या एक बाई आल्या. त्यांनी अतिशय नम्रपणे सांगितले की हे दाणे उचलायला हवेत, एकही ठेवू नका. तो पक्षी म्हणजे स्टेलर्स जे. माणसांच्या उष्ट्यावर त्यांची आणि डोमकावळ्यांची संख्या वाढते, आणि मग ते मार्बल्ड म्युरलेट या दुर्मीळ समुद्रपक्ष्याची अंडी खातात. म्युरलेट दिवसभर समुद्रात मासे धरतो, पण अंडे घालायला मैलोन्‌मैल आत येऊन अशाच जुन्या झाडाच्या शेवाळलेल्या रुंद फांदीवर उतरतो. घरटे बांधत नाही, एकच अंडे घालतो. आम्ही पाचही जण खाली बसलो आणि चुरमुरा न चुरमुरा वेचला. आपल्या डब्यात भडंग, चिवडा, फरसाण असे सांडणारे पदार्थच जास्त असतात. कृपया त्या भागात ते गाडीतच खावेत.

फर्न कॅन्यनबद्दल थोडक्यात सांगतो. १५ मे ते १५ सप्टेंबर या काळात वाहनासाठी आगाऊ परवाना लागतो आणि तो भराभर संपतो. कच्चा रस्ता आहे आणि ओढे ओलांडावे लागतात. दोन्ही बाजूंना तीस ते पन्नास फूट उंचीच्या, नेच्यांनी झाकलेल्या भिंती आहेत. जागा सुंदर आहे, पण ओढ्यातूनच चालायचे असल्यामुळे आई तोंडाशीच बसून राहिली.

चौथ्या दिवशी क्रेसेंट सिटीहून हाउलंड हिल रोड. हा डांबर नसलेला रस्ता आहे आणि माझ्या मते संपूर्ण प्रवासातला सर्वोत्तम तुकडा हाच. काही ठिकाणी दोन झाडांमधून एकच गाडी जेमतेम जाते आणि समोरच्याला मागे सरावे लागते. या रस्त्यावर स्टाउट ग्रोव्ह आहे. फक्त ४४ एकर, पण स्मिथ नदीच्या पुराचा गाळ साचत आल्यामुळे येथे झुडपांची गर्दी नाही. खाली गुडघाभर नेचे आणि त्यातून सरळ वर गेलेले खांब, एवढेच. एका लाकूड-व्यापाऱ्याच्या पत्नीने, क्लारा स्टाउट यांनी, १९२९ मध्ये पतीच्या स्मरणार्थ ही जागा न तोडता दान केली. हे मी बाबांना सांगितले, तेव्हा त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावले.

पाचव्या दिवशी सरळ परतीचा प्रवास केला. प्रश्न असल्यास जरूर विचारावेत.


मोगरा_सॅनहोजे | ७ जुलै, रात्री ११:०५

अतिशय सुंदर लिहिले आहे. भडंगाचा प्रसंग वाचून मला आमच्या मागच्या वर्षीच्या सहलीची आठवण झाली. आम्हीही नकळत हेच केले असणार.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला, आमची गाडी विजेवर चालणारी आहे, तर युरेकाच्या पुढे अडचण येईल का? दुसरा, माझ्या मुलांना झाडाच्या बोगद्यातून गाडी न्यायची फार हौस आहे. आपण त्या झाडाचा उल्लेख केलेला नाही. तो राहून गेला, की मुद्दाम टाळला?


पिंपळपान_पुणे | ८ जुलै, सकाळी ८:२०

आम्ही चार वर्षांपूर्वी मुलाकडे आलो असताना योसेमिटीच्या मारिपोसा ग्रोव्हमध्ये गेलो होतो. तेथल्या झाडांनाही सगळे रेडवूडच म्हणत होते. ती झाडे आणि ही झाडे एकच का?


वनस्पती_शिक्षिका | ८ जुलै, दुपारी १:१५

मी कोल्हापूरच्या महाविद्यालयात तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. रेडवूड प्रत्यक्ष पाहण्याचा योग निवृत्तीनंतर आला, आणि तोही मुलीबरोबर केवळ दोन दिवसांसाठी. तरीही वाशिष्ठीकाठ यांच्या वडिलांच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

आधी पिंपळपान यांच्यासाठी सांगते की ती दोन वेगळी झाडे आहेत, जवळची भावंडे म्हणता येतील. योसेमिटीतला तो जायंट सिक्वोया. तो सिएरा नेवाडाच्या उंच उतारांवर वाढतो, त्याचे खोड अधिक जाड असते आणि आकारमानात तो जगात पहिला आहे. या धाग्यात ज्याचे वर्णन आहे तो किनाऱ्यावरचा रेडवूड, उंचीत पहिला. तो समुद्रापासून फार आत जात नाही, कारण त्याला धुके लागते. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडत नाही. त्या काळात धुक्यातून मिळणारे पाणी त्याच्या वर्षभराच्या गरजेच्या सुमारे एक तृतीयांश असू शकते. आपल्या आईंनी डोक्यावर पदर घेतला तो ज्या थेंबांमुळे, तेच थेंब त्या झाडांचा उन्हाळा भागवतात. तिसरे भावंड चीनमध्ये आहे. ते १९४१ मध्ये आधी जीवाश्मावरून ओळखले गेले आणि नंतर त्याच दशकात जिवंत सापडले.

आता वडिलांचा प्रश्न. वखारीत आलेला ओंडका मेलेला असतो, हे खरे. पण रानात पडलेल्या रेडवूडचे आयुष्य संपलेले नसते. त्याच्या गाभ्याच्या लाकडात टॅनिनसारखी द्रव्ये भरपूर असतात, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याला सहजी खात नाहीत. आपल्याकडे सागाचे जे गुण सांगतात तेच येथेही, आणि त्या लाकडाचा तांबूस रंगही त्यामुळेच. म्हणून हे खोड कुजायला काही शतके लागतात. तेवढा काळ ते पाणी धरून ठेवते. जमिनीवर पानांचा थर इतका जाड असतो की हेमलॉकच्या बारीक बियांना रुजायला उघडी जागा मिळत नाही, ती या खोडावर मिळते. तेथे रुजलेले रोप खोडाच्या अंगावरून मुळे खाली सोडते. खोड विरून गेले तरी त्या रांगेत वाढलेली मोठी झाडे मागे राहतात. नातीने दिलेले उत्तर माझ्या वर्गातल्या कोणत्याही विद्यार्थ्याने दिले असते, तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते.

आणखी एक गोष्ट त्यांना जरूर सांगावी. सूचिपर्णी झाडे तोडली की बहुधा मरतात, पण रेडवूडच्या बुंध्याला सागासारखे धुमारे फुटतात. मूळ झाड गेले की त्याच्या भोवती धुमाऱ्यांचे कडे तयार होते आणि हजार वर्षांनी तेथे मोठ्या झाडांचे वर्तुळ दिसते. बी मात्र टोमॅटोच्या बीएवढे, आणि ज्या फळात ते असते ते सुपारीएवढे. मी तेथून काहीही उचलून आणले नाही, पण ते फळ हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले होते.


निवांत | ८ जुलै, संध्याकाळी ६:५०

बोगद्याच्या झाडाबद्दल माझे मत सांगतो. लेगेटचे शॅन्डेलियर झाड खाजगी जागेत आहे, शुल्क देऊन गाडी आत न्यावी लागते. १९३० च्या दशकात ते कोरले गेले. फट सुमारे सहा फूट रुंद आहे, मोठ्या गाडीचे आरसे मिटून घ्यावे लागतात. माझी मुले तेथे इतकी आनंदली की पुढच्या सगळ्या झाडांकडे त्यांनी त्या आनंदानेच पाहिले. लहान मुलांना अरण्याची गोडी लागायची असेल, तर सुरुवात अशी झाली तरी त्यात वाईट काय? झाड अजून जिवंत आहे, हिरवे आहे.


वाशिष्ठीकाठ | ८ जुलै, रात्री १०:३०

वनस्पती_शिक्षिका ताई, आपले मनापासून आभार. आपला प्रतिसाद आज सकाळी (त्यांच्या संध्याकाळी) फोनवर बाबांना संपूर्ण वाचून दाखवला. हेमलॉकच्या रांगेचा भाग त्यांनी दोनदा ऐकला.

मोगरा, बोगद्याचे झाड मी मुद्दाम टाळले. निवांत यांचा मुलांबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे आणि त्यांच्या मुलांचा आनंद खरा आहे. पण रेडवूडचे जिवंत भाग सालीच्या लगत असतात. खोड आरपार कापले की तेवढा पाणीपुरवठा कायमचा तुटतो आणि झाडाचा तोलही जातो. योसेमिटीतले वावोना झाड १९६९ मध्ये पडले आणि कॅलाव्हेरसमधले पायोनियर केबिन झाड जानेवारी २०१७ च्या वादळात. दोन्ही सिक्वोया होते, दोन्हींना असेच बोगदे पाडलेले होते. ज्यांनी आयुष्यभर करवतीचे काम पाहिले, त्या बाबांना घेऊन मला तेथे जायचे नव्हते. मुलीला मी फाउंडर्स ग्रोव्हमध्ये आगीने पोकळ झालेल्या एका जिवंत बुंध्यात उभे केले. तिच्यासह आम्ही चौघे त्यात मावलो. त्या पोकळीसाठी कोणी करवत चालवली नव्हती.

विजेच्या गाडीबद्दल इतकेच सांगेन की युरेका-अर्काटामध्ये पूर्ण चार्ज करूनच पुढे निघावे. ओरिकच्या आसपास फोनलाही रेंज नसते, नकाशे आधी उतरवून ठेवावेत.


सह्यकडा | ९ जुलै, सकाळी ७:४५

मी अर्काटाला दोन वर्षे वनशास्त्र शिकलो, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपण ज्या रस्त्याने गेलात त्याचाच इतिहास या रानाच्या मुळाशी आहे. १९१७ मध्ये हायवेचे काम सुरू असताना तीन माणसे मोटारीने हे रान पाहायला आली. जॉन मेरियम, हेन्री ऑसबर्न आणि मॅडिसन ग्रँट. त्यांना दिसले की हजार-हजार वर्षांची झाडे द्राक्षवेलींच्या खुंट्यांसाठी, कौलांच्या फळ्यांसाठी आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी पाडली जात आहेत. १९१८ मध्ये त्यांनी 'सेव्ह द रेडवुड्स लीग' स्थापन केली, आणि फाउंडर्स ग्रोव्ह हे नाव त्यांच्यावरूनच पडले. पुढे स्थानिक महिला मंडळांनी पैसे उभे केले, जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी वीस लाख डॉलर दिले, आणि रानाचे तुकडे एकेक करून कंपन्यांकडून विकत घेतले गेले. रस्त्याच्या कडेला जे नावांचे फलक दिसतात, ती एकेका तुकड्याच्या खरेदीची खूण आहे. एकूण सुमारे वीस लाख एकर मूळ रानापैकी आज पाच टक्क्यांच्या आसपास उरले आहे. ते इतके तुकड्या-तुकड्यांत का आहे, हे यावरून कळेल.

नुसती झाडे विकत घेऊन मात्र भागले नाही. बुल क्रीकच्या खोऱ्यात खालचे रान सुरक्षित होते, पण वरचे उतार तोडून बोडके केले होते. १९५५ च्या पुरात वरून आलेल्या गाळाने आणि ओंडक्यांनी काठ खचवले आणि संरक्षित रानातली शेकडो प्रचंड झाडे वाहून गेली. १९६४ च्या नाताळातला पूर त्याहून मोठा होता. वीओटला रस्त्याकडेच्या खांबावर त्या पाण्याची खूण आहे. ती पाहायला मान मागे टाकावी लागते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती खूण चुकीच्या जागी लावली आहे असेच मला वाटले होते. कोकणात पूर पाहिलेल्या माणसाला ती दाखवायलाच हवी, पुढच्या वेळी थांबावे.

हाच धडा रेडवूड क्रीकला पुन्हा घ्यावा लागला. १९६८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, पण ते नदीकाठची चिंचोळी पट्टी होते आणि वरची तोड सुरूच राहिली. शेवटी १९७८ मध्ये ४८,००० एकर जोडले गेले, त्यातले बहुतेक आधीच तोडलेले. सरकारने पैसे मोजले ते मुख्यतः खुंटांसाठी, कारण उतार हातात आल्याशिवाय खालचे रान वाचणार नव्हते. त्या उतारांवर आता झाडे काडेपेटीतल्या काड्यांसारखी दाटीने वाढली आहेत. ती विरळ करून आणि लाकूडतोडीचे जुने रस्ते मोडून रान पूर्ववत करण्याचे काम चालू आहे. त्यासाठी पुन्हा करवतच लागते, आणि आपल्या वडिलांसारख्या माणसाला ते काम पाहायला आवडेल, असे मला वाटते.

काही जण 'हायपेरियन' या सर्वांत उंच झाडाची चौकशी करतात. २००६ मध्ये सापडलेले हे झाड ३८० फूट, म्हणजे सुमारे ११६ मीटर उंच आहे. तेथे वाट नाही. लोकांनी ठिकाण शोधून काढले, पायदळी तुडवून मुळांवरची माती घट्ट केली आणि नेचे नाहीसे केले. म्हणून २०२२ पासून तो परिसर बंद आहे, तेथे गेल्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खालून पाहिले तर ते आसपासच्या इतर झाडांसारखेच दिसते, जाण्याचा मोह धरू नये.


रिमझिम_सिअ‍ॅटल | ९ जुलै, रात्री ८:१०

आम्ही उत्तरेकडून, ऑरेगनमार्गे येतो. एक भर घालते. क्लामथ नदीवर युरोक लोक, म्हणजे येथले मूळ रहिवासी, रेडवूडच्या होडीतून सफर घडवतात, ती चुकवू नये. ही होडी एकाच खोडातून कोरलेली असते. होडीच्या आत लाकडाचा एक उंचवटा ठेवलेला असतो, ते तिचे हृदय. होडी जिवंत आहे असे ते मानतात. या रानात माणूस १८५० नंतर आला, अशा थाटात पुष्कळ माहिती लिहिली जाते, ते बरोबर नाही. २०२२ मध्ये कॅलिफोर्निया कॉन्डॉर हे प्रचंड गिधाड याच भागात पुन्हा सोडण्यात आले, त्या कामातही युरोक लोकच पुढे आहेत.

स्टाउट ग्रोव्हच्या जवळच 'ग्रोव्ह ऑफ टायटन्स' आहे. तेथे मुळांना धक्का लागू नये म्हणून जमिनीपासून उचललेली वाट बांधली आहे. आपल्या आईंना ती जमली असती का?


मोगरा_सॅनहोजे | १० जुलै, सकाळी ९:३०

सर्वांचे आभार. आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाण्याचे ठरवले आहे. तेव्हा फर्न कॅन्यनचा परवाना लागणार नाही आणि मुलांना सलग तीन सुट्ट्या मिळतात. बोगद्याच्या झाडावर घरात चर्चा झाली. मुलांनी आगीने पोकळ झालेले झाड निवडले आहे. तीन दिवसांत क्रेसेंट सिटी गाठावी, की नाही?


वाशिष्ठीकाठ | १० जुलै, रात्री ९:१५

मोगरा, तीन दिवस असतील तर क्रेसेंट सिटी सोडावी. दोन्ही मुक्काम फॉर्चुना किंवा अर्काटाला करावेत. एक पूर्ण दिवस ॲव्हेन्यू आणि रॉकफेलर फॉरेस्टला द्यावा, दुसऱ्या दिवशी प्रेअरी क्रीकपर्यंत जाऊन परत यावे. सूर्यास्तापूर्वी प्रेअरी क्रीकमधून जाणाऱ्या न्यूटन ड्रूरी पार्कवेवरून बाहेर पडावे. झाडांच्या बुंध्यावरच्या गाठी चोरट्यांनी करवतीने कापून नेल्यामुळे २०१४ मध्ये तो रस्ता रात्री बंद ठेवायला सुरुवात झाली. टेबलाचा पृष्ठभाग आणि घड्याळे करण्यासाठी त्या गाठींना भाव येतो. झाडाचे धुमारे याच गाठींतून फुटतात. दुकानात अशी वस्तू दिसली तर घेऊ नये, ही विनंती.

रिमझिम, ग्रोव्ह ऑफ टायटन्सची वाट आईला लांब पडली असती, म्हणून आम्ही गेलो नाही. बाबांना मात्र एकट्याला पाठवायला हवे होते, ही चुकलेली गोष्ट.

सह्यकडा, आपला प्रतिसाद वाचून मी जुने फोटो पुन्हा काढले. ॲव्हेन्यूवर एके ठिकाणी बाबांनी एका काळपट जुन्या खुंटाचे चार फोटो काढायला लावले होते. जमिनीपासून छातीभर उंचीवर त्यात दोन चौकोनी खाचा आहेत. मला त्या सडून पडलेल्या वाटल्या होत्या. बाबांनी तेथेच सांगितले होते की त्या कुऱ्हाडीने पाडलेल्या आहेत. खाचेत फळी बसवून तिच्यावर उभे राहायचे आणि बुंध्याच्या फुगवट्याच्या वर, जेथे खोड सरळ होते, तेथे कापायचे. मी नंतर पडताळून पाहिले. येथले लाकूडतोडे हेच करत असत. आठ हजार मैलांवरून आलेल्या माणसाने ते एका नजरेत ओळखले.

आज फोनवर त्यांनी तोच फोटो मोठा करून मागितला. खुंटाभोवती उभ्या असलेल्या धुमाऱ्यांची त्यांनी मोजणी केली, अकरा आहेत. त्यातल्या सर्वांत जाड झाडाचा घेर हवा आहे, छातीच्या उंचीवर, दोरीने मोजलेला. ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा जाणार आहे. वाट सोडून आत जावे लागणार नाही, ते झाड रस्त्यालगतच आहे. मोजमाप याच धाग्यावर लिहीन.